आलिशान घराचे बाजारमूल्य कसे जोखावे

साध्या घराचा भाव काढणे तुलनेने सोपे असते, कारण त्याच्यासारखी कितीतरी घरे आसपास असतात आणि त्यांतली काही दर महिन्याला विकली जातात. आलिशान घराचे तसे नसते. त्याच्या तोडीची घरे मुळातच मोजकी, त्यांचे सौदे वर्षाकाठी दोन-चार, त्यांतले काही ओळखीच्या माणसांत कुठेही गाजावाजा न होता झालेले, आणि प्रत्येक घर मालकाच्या हौसेप्रमाणे वेगळे घडवलेले. त्यामुळे अशा घराची किंमत सांगताना नवखा माणूस बहुधा दोनांपैकी एक चूक करतो: एक तर मालकाने केलेल्या खर्चालाच तो मूल्य समजतो, नाही तर जाहिरातीत मागितलेल्या आकड्याला. या दोन्ही आकड्यांचे बाजारमूल्याशी नाते आहे, पण ते दूरचे आहे. बाजारमूल्य ठरते ते अशाच घरासाठी इतरांनी प्रत्यक्ष मोजलेल्या पैशांवरून, आणि मूल्य काढणाऱ्याचे मुख्य काम त्या थोड्याशा सौद्यांचा अर्थ नीट लावणे हेच असते.

पहिली पायरी: नेमके कोणते मूल्य हवे आहे ते ठरवा

घर पाहायला निघण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहून काढाव्यात: मूल्य कशासाठी हवे आहे, कोणत्या तारखेचे हवे आहे आणि कोणत्या हक्कांचे हवे आहे. आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानकांमध्ये बाजारमूल्याची जी व्याख्या आहे तिचा आशय असा: राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा, एकमेकांशी हितसंबंध नसलेले, दोघेही पुरेशी माहिती असलेले आणि विचारपूर्वक वागणारे, दोघांवरही कसलीही सक्ती नाही, आणि मालमत्ता रीतसर बाजारात मांडून झालेली आहे, अशा स्थितीत मूल्यांकनाच्या तारखेला जी रक्कम ठरावी असा अंदाज असतो, ते बाजारमूल्य. ही व्याख्या पाठ करण्यापेक्षा तिच्यातली एकेक अट समोरच्या सौद्याला लावून पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका यांपैकी एखाद्या अटीकडे डोळेझाक केल्याने होतात.

उदाहरणार्थ, विम्यासाठी लागणारी रक्कम म्हणजे बाजारमूल्य नव्हे. विमा इमारत पुन्हा उभी करण्याच्या खर्चाचा असतो. त्यात जमिनीची किंमत धरली जात नाही. कर्ज थकल्यामुळे घाईने विकाव्या लागणाऱ्या घराची किंमतही बाजारमूल्य नव्हे, कारण तिथे सक्ती आहे आणि घर बाजारात पुरेसा काळ मांडलेले नाही. आणखी एक प्रकार आलिशान घरांत विशेष आढळतो: शेजारच्या सदनिकेच्या मालकाला मधली भिंत काढून दोन्ही घरे एक करायची असतात, म्हणून तो इतर कोणीही देणार नाही इतकी रक्कम देऊ करतो. ती रक्कम खरी असते, पण ती त्या एका माणसाच्या सोयीची किंमत असते. तिला विशेष मूल्य म्हणतात आणि ते बाजारमूल्याच्या हिशेबात धरत नाहीत.

दुसरी पायरी: कागद आणि मोजमाप

मालकीची साखळी, बोजा, चालू असलेले दावे, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतली तफावत हे सगळे एखाद्या जाणत्या वकिलाकडून तपासून घ्यावे. मूल्य काढणाऱ्याने त्याचा निष्कर्ष स्वतः काढू नये, मात्र तो आपल्या आकड्यात उतरवलाच पाहिजे. गच्चीवर नंतर उभारलेली काचेची खोली कितीही देखणी असली तरी तिला परवानगी नसेल, तर तिचे क्षेत्रफळ हिशेबात धरता येत नाही. उलट ती पाडण्याचा खर्च वजा करावा लागू शकतो.

मोजमापाच्या बाबतीत मात्र स्वतः फीत हातात घेण्याला पर्याय नाही. एकाच घराचे चटई क्षेत्र, भिंतींसह बांधीव क्षेत्र आणि सामाईक जागेचा वाटा मिळवून सांगितलेले विक्रीचे क्षेत्र हे तीन वेगवेगळे आकडे असतात आणि मोठ्या घरात त्यांतले अंतरही मोठे असते. एका घराचा दर चटई क्षेत्रावर आणि दुसऱ्याचा विक्रीच्या क्षेत्रावर काढून तुलना केली, तर पुढची सगळी मेहनत वाया गेली असे समजावे. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट हे रूपांतरही प्रत्येक वेळी स्वतः करून पाहावे. गच्ची, सज्जे, वाहनतळ आणि तळघर यांचे क्षेत्र वेगळे लिहावे, कारण खरेदीदार गच्चीच्या चौरस मीटरला दिवाणखान्याच्या चौरस मीटरइतके पैसे देत नाही.

तिसरी पायरी: घर सावकाश पाहा

आलिशान घर पाहताना नवख्याचे डोळे दिपतात आणि तो झुंबर, संगमरवर, परदेशी नळ यांची यादी करत बसतो. ही यादी करावी, पण शेवटी करावी. आधी पाहायचे ते बदलता न येणारे: जागा, दिशा, उजेड, छताची उंची, खांबांची मांडणी, दृश्य, शांतता, आडोसा. नळ आणि फरशी नवा मालक बदलू शकतो. छताची उंची वाढवू शकत नाही आणि दिवाणखान्याच्या मधोमध आलेला खांबही हलवू शकत नाही. खरेदीदार पहिल्या भेटीत झुंबराकडे पाहत असला तरी तिसऱ्या भेटीत तो याच गोष्टींबद्दल विचारतो, असा माझा अनुभव आहे.

दृश्याची पारख करताना सज्जाच्या कठड्याशी उभे राहून बाहेर पाहू नये. दिवाणखान्यातल्या बैठकीवर बसावे आणि तिथून काय दिसते ते पाहावे. कठड्याशी उभे राहिल्यावर दूरवर पसरलेले पाणी दिसते आणि बैठकीवरून नुसते आकाश व समोरच्या इमारतीची टाकी दिसते, असे कितीतरी वेळा होते. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे: समोरची मोकळी जमीन कोणाची आहे आणि तिच्यावर किती उंच बांधकाम होऊ शकते? नियोजन आराखड्यात ती उद्यानासाठी राखीव असेल तर दृश्य टिकेल असे धरता येते. ती खासगी बांधकामयोग्य जमीन असेल तर दृश्याचे आज मिळणारे वाढीव पैसे उद्याचा खरेदीदार देईलच असे नाही, आणि जाणता खरेदीदार ते आजही पुरते देत नाही.

घर दिवसाच्या दोन वेगळ्या वेळी पाहावे. सकाळी शांत असलेला रस्ता संध्याकाळी वाहनांनी भरतो, आणि पश्चिमेकडची काचेची भिंत सकाळी जितकी प्रसन्न वाटते तितकीच दुपारी तापते.

दुरुस्तीचा भाग मी थोड्या विस्ताराने सांगतो, कारण महागड्या सजावटीखाली दोष चांगले झाकले जातात. एका घराच्या गच्चीवर छोटा जलतरण तलाव होता आणि त्याच्या खाली मुख्य शयनगृह. घरातल्या सगळ्या छतांचा रंग किंचित पिवळसर झाला होता. फक्त या एका खोलीचे छत स्वच्छ पांढरे होते. भिंतीतल्या कपाटाचे दार उघडून तळाच्या फळीवरून हात फिरवला तेव्हा ती कोपऱ्यात फुगलेली लागली, आणि मागच्या भिंतीवर मिठासारखी पांढरी भुकटी बोटाला आली. पाणी भिंतीतून झिरपते, सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणते आणि उडून जाते. मागे ही भुकटी उरते. छताचा ताजा रंग, फुगलेली फळी आणि क्षारांचा थर या तीन खुणा एकत्र मिळाल्यावर तलावाचे जलरोधन निकामी झाले आहे हे कळायला यंत्र लागत नाही. तलाव रिकामा करून, फरशी उखडून थर पुन्हा घालण्याचा खर्च मूल्यातून वजा करावा लागतो, आणि खरेदीदार त्या खर्चाच्या वर आपल्या मनस्तापाचेही काही धरतो.

यंत्रणांचेही तसेच आहे. मध्यवर्ती वातानुकूलन, स्वयंचलित दिवे-पडदे, उद्वाहन, जनित्र, पाणी शुद्धीकरण या प्रत्येकाचे वय विचारावे, देखभालीचा करार पाहावा आणि शक्य असेल ते चालवून पाहावे. घर स्वयंचलित करणारी यंत्रणा जुनी झाली आणि तिचे सुटे भाग मिळेनासे झाले, की ती सोय न राहता काढून टाकायची अडगळ ठरते.

वाहनतळ हा विषय क्षुल्लक वाटतो, पण मोठ्या घरांचे सौदे त्यावर अडताना मी पाहिले आहेत. किती गाड्या उभ्या राहतात यापेक्षा एक गाडी न हलवता दुसरी काढता येते का, आणि मोठी गाडी उतारावरून वळते का, हे पाहावे. कामगारांसाठी वेगळे प्रवेशद्वार आहे का, स्वयंपाकघरातला वावर पाहुण्यांच्या नजरेस पडतो का, मालकाच्या खोलीत शेजारच्या इमारतीतून डोकावता येते का, हेही याच वर्गातले प्रश्न आहेत. दरमहाच्या देखभालीची रक्कम लेखी घ्यावी. ती आसपासच्या तशाच घरांपेक्षा बरीच जास्त असेल तर खरेदीदार तो बोजा किमतीतून वळता करून घेतोच.

चौथी पायरी: झालेले सौदे मिळवा

मूल्य काढण्याच्या तीन प्रचलित पद्धती आहेत: झालेल्या सौद्यांशी तुलना, बांधकाम खर्चावरून आणि भाड्याच्या उत्पन्नावरून. आलिशान घराच्या बाबतीत सगळा भर पहिल्या पद्धतीवर ठेवावा आणि बाकीच्या दोन पडताळणीसाठी वापराव्यात.

सौदे नोंदलेल्या दस्तांवरून घ्यावेत, ऐकीव माहितीवरून नव्हे. दस्तातली रक्कम मिळाल्यावरही त्या सौद्याशी संबंधित दलालाशी किंवा वकिलाशी बोलून चार गोष्टी विचाराव्यात: फर्निचर किमतीत होते का, पैसे देण्याच्या अटी काय होत्या, घेणारा-विकणारा नात्यातले होते का, आणि घर बाजारात किती काळ होते. जवळपास पुरेसे सौदे नसतील तर दोन वाटा उरतात: त्याच परिसरात कालखंड मागे न्यावा, किंवा अलीकडच्या काळात परिसर रुंदावावा. मी बहुतेक वेळा परिसर रुंदावण्याकडे झुकतो, मात्र तो नुसता अंतराने रुंदावून चालत नाही. या घराच्या खरेदीदाराने दुसरे कोणते घर पाहिले असते, हा प्रश्न विचारावा. पाच किलोमीटरवरचे तशाच ऐपतीच्या माणसांचे टुमदार बंगले हे पलीकडच्या गल्लीतल्या साध्या सदनिकांपेक्षा जवळचे दाखले असतात.

संगणकाने काढलेल्या अंदाजांवर इथे विसंबू नये. घराची किंमत म्हणजे त्याच्या गुणांच्या किमतींची बेरीज या कल्पनेला अर्थशास्त्रज्ञ शेर्विन रोझेन यांनी १९७४ मध्ये भक्कम सैद्धांतिक बैठक दिली आणि तिच्यावर आधारलेली गणिती प्रारूपे साध्या घरांसाठी चांगली चालतात. पण प्रत्येक गुणाची किंमत काढायला पुष्कळ सौदे लागतात, आणि नेमके तेच इथे नसतात.

पाचवी पायरी: फरकांची वाढघट करा

आता खरे काम सुरू होते. नियम एकच आहे आणि नवखे लोक तोच उलटा लावतात: वाढघट नेहमी विकल्या गेलेल्या घराच्या किमतीत करायची, आपल्या घराच्या किमतीत नाही. विकलेले घर आपल्यापेक्षा सरस असेल तर त्याची किंमत खाली आणायची, उणे असेल तर वर न्यायची. क्रमही ठरलेला आहे. आधी सौद्याशी संबंधित फरक, म्हणजे हक्क, पैशांच्या अटी, सक्ती किंवा घाई. मग काळाचा फरक. आणि त्यानंतर जागा, मजला, आकार, स्थिती असे घराचे फरक.

समजा, आपले घर बाविसाव्या मजल्यावरचे, ४०० चौरस मीटर चटई क्षेत्राचे आणि पाण्याचे खुले दृश्य असलेले आहे. तीन सौदे मिळाले आहेत आणि दर प्रति चौरस मीटर, पैशांच्या काल्पनिक एककांत लिहिले आहेत.

पहिले घर त्याच इमारतीतले, तितकेच मोठे, पण नवव्या मजल्यावरचे. समोरच्या झाडांमुळे त्याला दृश्य नाही. ते १४ महिन्यांपूर्वी १०० दराने गेले. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत बाजार ६ टक्के चढला आणि पुढे स्थिर राहिला असेल तर दर १०६ होतो, आणि मजला व दृश्य यांसाठी १२ टक्के वाढवल्यावर ११८.७ येतो.

दुसरे घर शेजारच्या इमारतीत पंचविसाव्या मजल्यावर, ३०० चौरस मीटरचे. ते पाच महिन्यांपूर्वी फर्निचरसह १२४ दराने विकले गेले. फर्निचरचे ५ टक्के वजा केल्यावर ११७.८ उरतात. लहान घराचा दर चौरस मीटरमागे सहसा जास्त असतो, म्हणून ३ टक्के कमी केल्यावर ११४.३ होतात. ती इमारत थोडी जुनी आहे, म्हणून २ टक्के वाढवल्यावर ११६.६ येतात.

तिसरे घर त्याच इमारतीतले, एकतिसाव्या मजल्यावरचे, तीन महिन्यांपूर्वी ११२ दराने विकलेले. मालक परगावी निघाला होता आणि त्याला घाई होती. घाईसाठी ६ टक्के वाढवून ११८.७, आणि वरच्या मजल्यासाठी ३ टक्के कमी करून ११५.२.

सुरुवातीला १०० ते १२४ असे विखुरलेले दर आता ११५ ते ११९ या पट्ट्यात आले. इथे तिघांची सरासरी काढून मोकळे होऊ नये. पहिल्या घरात एकूण वाढघट १८ टक्क्यांची आहे, म्हणजे त्याच्यावरचा भरवसा सर्वांत कमी. तिसऱ्यात ती ९ टक्क्यांचीच आहे, पण त्यातले घाईचे ६ टक्के हा निव्वळ अंदाज आहे. दुसऱ्यातली वाढघट १० टक्क्यांची असली तरी तिचा मोठा भाग, फर्निचर, पावत्यांवरून तपासता येतो. म्हणून मी दुसऱ्याकडे झुकून ११७ दर धरीन आणि मूल्य ४६,८०० एकक सांगेन.

हे १२ टक्के, ३ टक्के आले कुठून, हा प्रश्न प्रत्येक नवख्याने विचारावा, कारण मूल्यांकन इथेच टिकते किंवा कोसळते. उत्तर आहे जोडीचे सौदे. एकाच इमारतीत, एकाच आराखड्याची दोन घरे, एक आठव्या आणि एक चोविसाव्या मजल्यावरचे, एकाच सुमारास विकली गेली असतील तर त्यांच्या किमतीतला फरक हा मजल्याचा आणि दृश्याचा फरक. अशा जोड्या दिसतील तेव्हा टिपून ठेवाव्यात. आज काम नसलेली जोडी दोन वर्षांनी उपयोगी पडते. जिथे जोडी मिळत नाही तिथे त्या भागात काम करणाऱ्या दोन-तीन दलालांना वेगवेगळे विचारावे आणि हा आकडा अंदाजाचा आहे असे स्पष्ट लिहावे.

सहावी पायरी: खर्चावरून पडताळणी

जमिनीची किंमत, अधिक तशीच इमारत आज बांधण्याचा खर्च, वजा घसारा, हे खर्चपद्धतीचे सूत्र आहे. घसारा तीन प्रकारचा असतो. पहिला झिजेचा. दुसरा रचनेतल्या उणिवेचा, जसे सात शयनगृहे आणि तीनच स्नानगृहे. तिसरा बाहेरून आलेला, जसे शेजारी सुरू झालेला वर्दळीचा उड्डाणपूल. स्वतंत्र बंगल्याला ही पद्धत बरी लागू पडते.

मालकाशी बोलताना मात्र इथे जिव्हाळ्याने आणि ठामपणे वागावे लागते. त्याने स्वतःच्या आवडीने घरात खासगी चित्रपटगृह केले, एका खोलीला कोरीव लाकडाचे आच्छादन दिले, आणि त्या प्रत्येक पावतीची त्याला आठवण आहे. पण पुढचा खरेदीदार ते चित्रपटगृह काढून अभ्यासिका करणार असेल तर त्याला ते पैसे मोलाचे नाहीत. परिसरातल्या घरांच्या मानाने अति खर्च केलेल्या घराचा तो वरचा खर्च बहुधा परत येत नाही. नामवंत वास्तुरचनाकाराच्या नावाचेही तेच: त्याच्या इतर घरांना वाढीव किंमत मिळाल्याचे सौदे दाखवता आले तरच त्या नावाचे मूल्य धरावे.

भाड्याची पद्धत इथे फारशी चालत नाही. अशा घरांचे भाडे त्यांच्या किमतीच्या मानाने बहुधा कमी पडते, कारण लोक ती राहण्यासाठी आणि संपत्ती राखण्यासाठी घेतात. भाड्यावरून निघालेला आकडा तुलनेच्या आकड्याच्या खाली आला तर दचकू नये. तो वर आला तर मात्र आपले सौदे पुन्हा तपासावेत.

सातवी पायरी: मागितलेली किंमत सर्वांत शेवटी पाहा

१९८७ मध्ये संशोधक ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थी आणि व्यवसायातले अनुभवी दलाल अशा दोघांना एकच घर प्रत्यक्ष दाखवले, तीच माहितीपत्रके दिली, फक्त मागितलेली किंमत निरनिराळ्या गटांना वेगवेगळी सांगितली. ज्यांना चढी किंमत सांगितली त्यांनी घराचे मूल्यही चढे काढले. दलालही यातून सुटले नाहीत, आणि त्या किमतीचा आपल्यावर परिणाम झाला हे त्यांच्यातल्या फारच थोड्यांनी मान्य केले. तुलनेला भरपूर सौदे असलेल्या साध्या घराबाबत जर असे होत असेल, तर सौदेच नसलेल्या घराबाबत मन त्या आकड्याला किती चिकटेल याचा विचार करावा. म्हणून आपला पट्टा तारखेसह कागदावर लिहून झाल्याशिवाय मालकाला किंवा दलालाला अपेक्षा विचारू नये, आणि त्यांनी आपणहून सांगितलीच तर तेही टिपणात लिहून ठेवावे.

मागितलेल्या किमतींचा उपयोग एवढाच: त्या बाजाराची वरची हद्द दाखवतात. महिनोन्‌महिने न विकलेले घर हे त्या किमतीला खरेदीदार नाही याचा पुरावा असते, आणि सौदे कमी असलेल्या बाजारात हा पुरावाही मोलाचा असतो.

आठवी पायरी: पट्टा सांगा आणि कारणे लिहा

एकच नेमका आकडा मागणारे खूप भेटतात, आणि बँकेसारख्या ठिकाणी तो द्यावाही लागतो. तरी अहवालात त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा लिहावा. वरच्या उदाहरणात तो ४६,००० ते ४७,६०० एकक असा येतो. हे तीन सौद्यांतून निघालेले अंतर आहे. ज्या घराला एकच दूरचा सौदा मिळाला त्याचा पट्टा याहून बराच रुंद ठेवावा, आणि तो रुंद का आहे हे एका वाक्यात सांगावे. किती महिने बाजारात मांडल्यावर ही किंमत मिळेल असे धरले आहे, कोणती कागदपत्रे पाहता आली नाहीत, कोणता दोष दुरुस्त होईल असे गृहीत धरले आहे, हे सगळे त्याच पानावर यावे, मागच्या जोडपत्रात नव्हे.

टिपणवही फेकून देऊ नये. पुढे ते घर प्रत्यक्ष विकले गेले की दस्तातली रक्कम आपल्या पट्ट्याशेजारी लिहावी आणि कोणत्या वाढघटीत आपण चुकलो ते शोधावे: दृश्याला कमी धरले, की घाईला जास्त. पुढच्या वेळी त्याच इमारतीतले घर समोर येईल तेव्हा हा सौदा आपला पहिला दाखला असेल.